अ‍ॅनेथॉल अडतीस टक्के

पुण्याच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला तो जानेवारी सत्त्याण्णवच्या कडक गारठ्यात. एम.एस्सी.च्या शैलाने तो कॉलेजच्या लॅबमध्ये उभ्या उभ्याच वाचला.

फेनकोन चोवीस. लिमोनीन एकोणीस. अ‍ॅनेथॉल अडतीस.

अडतीस?

बडीशेपेच्या तेलात अ‍ॅनेथॉल सत्तरच्या आसपास हवं. गोडवा त्याचाच.

"बियाणंच सदोष," सर म्हणाले. "तसं एक वाक्य टाक प्रोजेक्टमध्ये. सोमवारी सही करतो. सोमवार चुकला की पुढचं सत्र."

वाक्य टाकलं. मग मखमलाबादला भागूबाईच्या मळ्यात गेली. बडीशेप तिची, वाक्यही तिच्याच बियाण्याबद्दल.

"सदोष म्हंजी?" भागूबाईने शैलाच्या तळहातावर बडीशेप ओतली. "खा की. नुसता कागद चघळती व्हय?"

गोड. चांगलीच गोड. मग जीभ खोटी की यंत्र? की…

"त्याल काढल्यावर काय केलंस?"

शैला सांगू लागली. बी भरडलं, वाफेवर तेल काढलं, बाटली खिडकीत ठेवली. सकाळी पाहते तर तळाशी पांढरं साचलेलं. मेण असेल, म्हणून वरचं स्वच्छ तेल तेवढं ओतून घेतलं आणि पुण्याला…

"अगं बया!" भागूबाई हसत सुटली. "खोबरेल थिजल्यावर वरवरचंच डोक्याला लावती का तू? बाटली उन्हात ठेवायची नाय?"

अ‍ॅनेथॉल वीस-एकवीस अंशांना गोठतं. पुस्तकात होतं. शैलाने त्याखाली रेघही ओढली होती.

"कुठंय ते पांढरं?"

"धुऊन टाकलं, मावशी. साबणाने."

"घ्या! लय शिकलीस."

परतीच्या बसमध्ये ती बोटांवर आकडे मोजत राहिली. अडतीस खोटं? नाही, यंत्राला जे दिलं ते त्याने नीट मोजलं. मग खरं? हो, पण कशाचं? सत्तर लिहावं? मोजलेलं नाही. काहीच लिहू नये? मग सही कशावर?

सोमवारी सरांनी पान उलटलं. "वाक्य खोडलंस?"

"दोष बियाण्याचा नाही, सर. तेलाचा मोठा भाग मीच फेकला."

"मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "पुढच्या सत्रात भेटू."

सुटल्यासारखं वाटत होतं की बुडाल्यासारखं, तेही तिला ठरवता येईना. तिने मखमलाबादची बस धरली. आणखी दोन किलो बडीशेप मागायची होती, आणि चार टोमणे ऐकल्याशिवाय ती मिळणार नव्हती.