जुन्या वळणाचा टँगो

रविवारी दुपारी टँगोच्या क्लबाच्या दारातच देल्फिनाने नवऱ्याला, ओरासियोला ऐकवलं की, आज मी बायकांच्या रांगेत बसणार, तू जा समोर पुरुषांत. तीस वर्षं दोघं एकाच टेबलाशी बसत आली होती. एकत्र बसलेल्या जोडप्यातल्या कुणाला इथे दुसरं कुणी नाचायला विचारत नाही. वेगळं बसलं की दोघंही कुणाबरोबरही नाचायला मोकळे. हे देल्फिनाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ओरासियो आधी कुणाला विचारतो, ही परीक्षा तिला पाहायची होती.

कारण होती क्लबातलीच मिर्ता. क्लबाच्या वर्धापनदिनाला बंदराकडचा जुना टँगो बसवायचा ठरला, आणि ओरासियोची जोडी नेमकी मिर्ताशी जमली. दर गुरुवारी तालीम. हा जुना टँगो गुडघे वाकवून, कपाळाला कपाळ टेकवून नाचायचा. ओरासियोच्या आजोबांच्या काळात बंदरावरच्या चाळींच्या अंगणांत जिनोआहून आलेले हमाल आणि इथले काळे ढोलवाले एकमेकांचं बघून नाचत, त्यातून तो निघाला. बायका कमी, म्हणून पुरुष पुरुषांशीच सराव करत. ओरासियोही बापाच्या मिठीतच शिकला होता.

लग्न ठरलं तेव्हा देल्फिनाच्या आईने नाक मुरडलं होतं. चांगल्या घरची मुलगी असं वाकून नाचत नाही, म्हणे. मग देल्फिनानेच त्याला ताठ उभं केलं आणि दिवाणखान्यातल्या टँगोची लांब, सावकाश पावलं शिकवली. तो मुकाट्याने शिकला. आणि आता म्हातारपणी पठ्ठ्याला पुन्हा वाकायची हौस आली, तीही त्या सटवीबरोबर.

टँगोची हातपेटी, बँडोनियन, वाजू लागली. ओरासियोने समोरून तिच्या नजरेला नजर दिली आणि मान जराशी हलवली. इथे विचारायचं ते असंच, तोंडाने नाही. देल्फिनाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण लगेच हो म्हणायचं? तिने तोंड फिरवलं आणि पंख्याने वारा घेत बसली. अजून एकदा विचारू दे, दोनदा विचारू दे, मग बघू. या तोऱ्यात ती एवढंच विसरली की एकदा नजर नाकारली की सभ्य पुरुष त्या दिवशी त्या बाईला परत विचारत नाही. आणि ओरासियोइतका सभ्य माणूस अख्ख्या वस्तीत नव्हता.

पुढच्या फेरीला तो मिर्ताबरोबर उठला. फेरीतली चारही गाणी गुडघे वाकवून, कपाळ टेकवून नाचला. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. देल्फिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांत तिच्याबरोबर नाचताना या माणसाने कधी डोळे मिटले नव्हते.

"तुझा नवरा वीस वर्षांचा दिसतोय गं आज," शेजारची नोर्मा म्हणाली.

"वाकला की टक्कल जास्तच दिसतं," देल्फिना म्हणाली.

शेवटची फेरी पुकारली. ती ज्याने त्याने आपल्या माणसाबरोबर नाचायची. देल्फिना त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. तो मात्र रीत पाळून बुटांकडे बघत बसला. मिर्ताची नजर त्याच्याकडे वळायच्या आत देल्फिना उठली आणि सगळ्यांच्या देखत मधून चालत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. या क्लबात कुठल्याही बाईने असं केलं नव्हतं. बायका कुजबुजल्या. तिला लाज वाटली, पण त्याला मिर्ताकडे सोडून बसण्यापेक्षा लाज परवडली.

ओरासियो लगबगीने उठला. त्याने तिला अदबीने मिठीत घेतलं. देल्फिनाने गुडघे वाकवले आणि कपाळ पुढे केलं. पण त्याची पाठ सरळच राहिली, डोळे उघडे, पावलं लांब आणि सावकाश, तिने शिकवलेली.

"वाक ना रे," ती हळूच म्हणाली.

"गुडघा दुखतो गं," ओरासियो म्हणाला.