घरचा माणूस

"गावाची पातेली घासून आलात ना? मग हे एक आपलंही घासा," असं म्हणत बायकोनं करपलेलं पातेलं दलालापुढं सरकवलं.

दलालानं ते घासलं. धंदा जमिनीचा असला, तरी त्याचा हात पातेल्यावरच जास्त बसला होता.

आधी माणूस जोडावा, जमीन मागून चालत येते, असं त्याचं शास्त्र होतं. गावात लग्न असो की मयत, हा घरच्यांच्याही आधी हजर. खुर्च्या मांडायचा, पाणी वाटायचा, गाभण म्हशींची चौकशी करायचा. जमिनीचा विषय मात्र काढायचा नाही. तो समोरच्यानं काढायचा, असा नियम होता. समोरच्याला हा नियम माहीत नव्हता, एवढीच अडचण.

"हा उन्हाळा शेवटचा," बायको म्हणाली. "एक व्यवहार दाखवा, नाहीतर माझ्या भावाच्या वीटभट्टीवर चला. त्याला माती तुडवायला माणूस हवाय."

"टपालआप्पांचं ओढ्याकाठचं रान विकायला निघतंय. ते माझ्याच हातून जाणार."

"आप्पा तसं म्हणाले?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मी त्यांच्या घरचा माणूस."

पुढच्याच आठवड्यात टपालातून निवृत्त झालेल्या या आप्पांच्या लेकीचं लग्न निघालं. ढेकळं भाजून निघावीत असं ऊन. दलाल उजाडल्यापासून खुर्च्या ओढत होता. पहिल्या रांगेत काळा चष्मा घातलेला एक परका माणूस पाय पसरून बसला होता आणि वारा लागत नाही म्हणून तक्रार करत होता.

"लेका, साहेबांना पाणी दे," आप्पा म्हणाले.

दलालानं पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "आप्पा, हे कोणाकडचे पाहुणे?"

"पाहुणे कसले, दलाल आहेत शहरातले. ओढ्याकाठचं रान त्यांनीच विकून दिलं. परवा कागद झाले."

दलालाच्या हातातला तांब्या हलला नाही. दलाल थोडा हलला.

"आप्पा, मीपण दलालच आहे."

आप्पांनी डोकं खाजवलं. "हो की रे. पण तुझ्याशी भावावरून भांडायचं कसं? आमच्या म्हातारीला तू खांदा दिलास. या बाबाशी मी दोन दिवस कचाकचा भांडलो, जीव मोकळा झाला. आणि घरच्या माणसाला दलाली देणं बरं दिसतं का? आता तेवढ्या मागच्या खुर्च्या सावलीत घे बाबा."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. दलालानं खुर्च्या सावलीत घेतल्या.

घरी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "चक्कीवाल्याच्या नव्या घराचं जेवण आहे रविवारी. तिथं कशालाही हात लावू नका. सोमवारी भट्टी आहेच."

रविवारी दलाल उशिरा गेला. मेव्हण्याचा काळा चष्मा मागून आणला होता. पहिल्या रांगेत बसला. म्हशीची चौकशी केली नाही. भाजी खारट आहे म्हणाला. ती खारट नव्हती.

"याला काय झालं?" वाढपी कुजबुजले.

"माजलाय."

"पैसा लागला असेल हाताला. त्याशिवाय माणूस असा बसत नाही."

बोलणं पंगतभर फिरून चक्कीवाल्यापर्यंत गेलं. लहानपणापासून दलालाला 'अरे' म्हणणारा तो माणूस हात पुसत आला आणि खुर्चीच्या कडेला उभा राहिला.

"अहो," तो म्हणाला, "आमचं माळावरचं रान विकायला काढायचं मनात आहे. सवडीनं बघाल का? पण पडेल त्या भावानं देणार नाही, आधीच सांगतो. भांडेन."

"भांडा," दलाल म्हणाला. "उद्या सकाळी या."

इतक्यात पलीकडच्या पंगतीतून कोणीतरी पाणी मागितलं. दलालाचे पाय आपोआप उठायला निघाले. त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि तिथंच बसून राहिला.