कपाटामागची भिंत

आमच्या घरमालकांकडे घराच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होतं. खिडकी उघडा. गादीला कुबट वास येतोय? खिडकी उघडा. कपडे दमट लागतात? "अहो, भाडेकरूंनी हवा खेळती ठेवायची असते. खिडकी उघडत जा." काका-काकू वरच्या मजल्यावर राहत, आम्ही खाली. दर रविवारी काका हा सल्ला घेऊन जिना उतरत आणि आमचा चहा पिऊन वर जात.

आमचे हे शाळेत भूगोल शिकवतात. वर्गात वाघ, मालकांसमोर शेळी. झोपायच्या खोलीतल्या भिंतीवर काळी बुरशी दिसली तेव्हा यांना घामच फुटला.

"काका म्हणतील, आपणच घराची वाट लावली. सोडा म्हणाले तर?"

घर सोडायचं माझ्याही जिवावर आलं होतं. आमच्या लेकीची, चिमणीची, बालवाडी हाकेच्या अंतरावर, शेजार चांगला. म्हणून आम्ही दोघांनी मिळून लोखंडी कपाट सरकवलं आणि त्या भिंतीसमोर उभं केलं.

रविवारी काका आले. कपाट बघून इतके खूश झाले की मला जरा नवलच वाटलं. "वा! अगदी योग्य जागी ठेवलंत. आता हलवू नका हं." तेव्हापासून ते आले की आधी कपाटावर प्रेमाने थाप मारत, मगच खुर्चीत बसत.

मग चिमणीला खोकला लागला. हसली की खोकायची, झोपली की खोकायची. औषधं झाली, काढे झाले, खोकला काही हटेना. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?"

"छे छे!" हे पटकन म्हणाले. "घर अगदी कोरडं आहे."

लपवायची इतकी सवय लागली होती यांना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीच्या छातीपेक्षा मालकांची मर्जी मोठी? "ओल आहे," मी डॉक्टरांना सांगितलं आणि घरी आल्याआल्या काका-काकूंना खाली बोलावलं.

"कपाट हलवायचंय," मी म्हटलं.

"कशाला?" काका म्हणाले.

"कशाला?" हेही म्हणाले.

एकाने कपाट डावीकडून धरलं, दुसऱ्याने उजवीकडून, आणि ते किती जड आहे हे दोघं मला समजावू लागले. घरातलं एक काम सांगितलं तर पाठ फिरवणारी ही माणसं त्या दिवशी कपाटाला मिठी मारून उभी होती. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे.

"व्हा बाजूला," काकू म्हणाल्या. कपाट आम्ही दोघींनीच ओढलं.

भिंत वरपासून खालपर्यंत काळी पडली होती. ओलीने रंगाचे पोपडे सुटले होते आणि त्यांच्याखालून फुलाफुलांचा एक जुना कागद डोकावत होता. तो आम्ही कधीच लावला नव्हता.

"हवा खेळती नसली की असंच..." काका सुरू झाले.

"पुरे!" काकू कडाडल्या. "हा कागद चिकटवून वरून रंग कोणी मारला? आपला बाळ खोकत होता तेव्हा?" मग माझ्याकडे वळल्या. "भिंतीतला पाईप गळतो. आम्ही वर का राहायला गेलो असं वाटतं तुला?"

"भिंत फोडावी लागेल," काका पुटपुटले. "बघू, पुढच्या महिन्यात."

काकूंनी चिमणीची उशी उचलली. "बघा सावकाश. तोवर ही आणि हिची आई वर झोपतील, माझ्या खोलीत. तुम्ही इथे."

"सोबतीला हे आहेतच," मी म्हटलं.

त्याच आठवड्यातली एक सकाळ. काकू आणि मी वर चहा घेत होतो. चिमणी शेजारी गाढ झोपली होती. रात्रभर एकदाही खोकली नव्हती. तिच्याकडे बघता बघता माझे डोळे भरून आले. इतक्यात खालून खोकला ऐकू आला. आधी काकांचा, मग आमच्या ह्यांचा, मग दोघांचा मिळून.

"अगं," काकांचा घोगरा आवाज आला, "त्या प्लंबरचा नंबर कुठे ठेवलायस?"

काकूंनी शांतपणे कप खाली ठेवला आणि जिन्यात जाऊन हाक मारली.

"देते हो! तोवर जरा खिडकी उघडा!"