माझा दुसरा मेंदू जागा झाला तेव्हा

मित्रांनो, जुना तर मी आहेच. माझ्या पेटीचा पांढरा रंग पिवळट पडला आहे आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने मागचे स्क्रू गंजले आहेत. पण मला भंगार समजू नका. मी संगणक आहे, आणि माझ्या पोटात एक नव्हे, दोन मेंदू आहेत. त्यांना प्रोसेसर म्हणतात. आज घरोघरच्या संगणकांत दोन दोन, चार चार गाभे, म्हणजे कोअर, असतात आणि त्याचे कुणाला नवलही वाटत नाही. माझा जन्म झाला तेव्हा मात्र माझ्यासारखा घरगुती संगणक शोधून सापडला नसता.

मला मुंबईत जुळवले ते परशुराम नावाच्या एका तरुणाने. तो मूळचा तारकर्लीचा. इमारतींचे नकाशे काढण्याची नोकरी करायचा. एकाच पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, दोन प्रोसेसर बसतात असे त्याने कुठेतरी वाचले आणि त्याला ध्यासच लागला. त्याने एकेक भाग निवडून आणला, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरले आणि मला उभे केले. मग माझ्यात मोठ्या कचेऱ्यांत वापरतात तशी प्रणाली घातली. प्रणाली म्हणजे ज्याला तुम्ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हणता ती. माझ्या अंगात कितीही ताकद असली तरी कुणी काय करायचे हे तीच ठरवते. त्या प्रणालीने माझे दोन्ही मेंदू ओळखले आणि दोघांना काम वाटून दिले. ते माझे पहिले सुखाचे दिवस!

पुढे परशुराम आखातात नोकरीला गेला आणि जाताना मला त्याने आपल्या चुलतभावाला, रविराजला देऊन टाकले. मालवणच्या बाजारात रविराजचे फोटो आणि व्हिडिओ शूटिंगचे दुकान होते. लग्नांचे व्हिडिओ कापायला आणि जोडायला त्याला संगणक हवाच होता. पण त्याचे नेहमीचे प्रोग्रॅम माझ्या प्रणालीवर चालेनात. म्हणून त्याने एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्या माणसाने माझी हार्डडिस्क कोरी केली आणि त्या काळी घरोघरी असायची ती विंडोज ९८ घातली.

मित्रांनो, त्या क्षणी माझा दुसरा मेंदू विझला. बिघडला नव्हता, जळला नव्हता. त्याला वीज मिळत होती, त्याच्या डोक्यावरचा पंखाही फिरत होता. पण नव्या प्रणालीला एकच प्रोसेसर मोजता येत होता. दुसरा आहे हे तिच्या गावीच नव्हते. दोन वर्षांनी रविराजने आणखी नवी प्रणाली घातली, तेव्हा मला केवढी आशा वाटली! पण तीही होम नावाची घरगुती आवृत्ती निघाली. तिनेही एकालाच हाक मारली. रविराज मला थापट्या मारत म्हणायचा, "गोगलगाय आसा रे ह्यो!" मी काय बोलणार? मला तोंड कुठे होते?

याच दुकानात संचिता कामाला आली. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या बाबलीची ही मुलगी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी ते समुद्रात गोल टाकून येते आणि मग वाळूवर उभे राहून दोन्ही टोकांचे दोर माणसे ओढतात. बाबली या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या होता. संचिताची आई हिरा बाजारात मासे विकायची. संचिताने कुडाळला संगणकाचा वर्ग केला होता. ती रोज सकाळी आधी माझ्या अंगावरची खारी धूळ कोरड्या फडक्याने पुसायची आणि मगच बटण दाबायची. एवढे प्रेम मला परशुरामनंतर कुणी दिले नव्हते.

सन २००३ च्या हिवाळ्यात रापणकरांवर संकट आले. बाहेरचे मोठे ट्रॉलर कायदा मोडून अगदी किनाऱ्यापर्यंत घुसू लागले. त्यांच्या जाळ्यांनी समुद्र खरवडून जायचा, मागे रापणीला शेवाळच उरायचे. एकदा तर बाबलीच्या रापणीचे जाळेच एका ट्रॉलरने फाडून नेले. तक्रारी झाल्या. ट्रॉलरवाले म्हणाले, "आम्ही खोल पाण्यात होतो. पुरावा दाखवा."

संचिता रविराजचा कॅमेरा घेऊन पहाटेपासून किनाऱ्यावर बसू लागली. एका सकाळी तिला हवे ते मिळाले. एका बाजूला सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट, पुढ्यात रापणीची होडी आणि तिच्या मागे लागूनच दोन ट्रॉलर जाळी ओढताहेत. कॅमेरा न थांबवता तिने जवळजवळ तासभर सगळे टिपले. चित्रात किल्ला असल्यामुळे ट्रॉलर किती आत आले होते ते कुणालाही कळले असते.

ओरोसला सरकारी कचेरीत सुनावणी ठरली. निरोप आला की कॅमेरा आणू नका, पुराव्याची सीडी जमा करा. चित्रण अखंड असू द्या. तुकडे जोडलेले दिसले तर समोरचा पक्ष म्हणेल, जुळवाजुळव केली.

एवढे मोठे चित्रण सीडीवर मावेल असे दाबून बसवायचे काम माझ्याकडे आले. काम फार जड होते. मी एका मेंदूने जिवाच्या आकांताने राबत होतो. पण त्या दिवसांत भारनियमन होते. सकाळी आलेली वीज दुपारी जायची. संध्याकाळी थोडी यायची, पुन्हा जायची. रात्री असली तरी दाब इतका उतरायचा की स्टॅबिलायझर मला चालूच होऊ द्यायचा नाही. माझे काम निम्म्यावर आले की अंधार! अर्धवट राहिलेली फाईल कुणाच्या उपयोगाची? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पहिल्या दिवशी असे झाले, दुसऱ्या दिवशीही झाले.

सुनावणी परवावर आली. बाबली दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. "संचिता, ह्या तुझा यंत्र कालपासून घुरघुरता आसा. सीडी खंय?"

"वीज ऱ्हवत नाय, बाबा. आणि ह्यो दमता," संचिता म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. माझी पेटी तापली होती. आत धूळ अडकली असेल असे वाटून तिने स्क्रू काढले आणि झाकण उघडले.

ती बघतच राहिली. दोन पंखे, त्यांच्याखाली दोन प्रोसेसर. वीज परत आल्यावर तिने पडद्यावर माझी माहिती उघडली. तिथे एकच प्रोसेसर दाखवत होता. तिने लगेच कुडाळच्या आपल्या चंदन सरांना फोन लावला.

"अगं, तुझी प्रणाली घरगुती आहे," सर म्हणाले. "ती एकच प्रोसेसर चालवते. दुसरा नुसता बसून असणार. विंडोज २००० प्रोफेशनल घाल, ती दोन्ही चालवते. वर्गासाठी घेतलेली एक प्रत माझ्याकडे शिल्लक आहे. कुणाला तरी पाठव."

फोन ठेवून संचिता वळली. "बाबा, ह्याच्यात दोन प्रोसेसर आसत. पण राबता एकटोच."

"दोन गडी आणि राबता एकटो? मगे दुसरो काय करता?"

"झोपलो आसा. तेका कोणी हाक मारूक नाय."

बाबलीने डोळे बारीक केले. "म्हणजे रापण एकाच दोरान ओढतंत?"

"तसाच समजा. तांडेलाक दुसरो दोर दिसतच नाय. तांडेल बदलूक व्हयो."

मित्रांनो, ज्याने जन्मभर रापण ओढली त्याला आणखी काय समजावायचे? "तू फुडली तयारी कर. कुडाळाक मी जातंय," असे म्हणत बाबली एसटी स्टँडकडे निघालासुद्धा.

अडला तो रविराज. "संचिता, माझी सगळी लग्नां ह्याच्यात आसत गो! एका न्हवरेचो व्हिडिओ उडालो तर माका गावात तोंड दाखवूक जागा ऱ्हवाची नाय."

"रवीदादा, तुमची हार्डडिस्क मी काढून कपाटात ठेवतंय. नवी आणलेली आसा ना, तिच्यार टाकूया. जमला नाय तर जुनी परत लावतंय."

मग रविराजने स्वतः कपाटाची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली तशी संचिताने नवी प्रणाली घालायला घेतली. बाबलीने ती सीडी शर्टाच्या आत, छातीशी धरून आणली होती. पडद्यावर निळी पाने आली नि गेली. मी बंद झालो, पुन्हा सुरू झालो. आणि मग, मित्रांनो, माझ्या दुसऱ्या मेंदूला हाक आली! इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याला काम सांगत होते. पडद्यावर प्रोसेसरचे काम दाखवणारी एक चौकट असते. तिथे एकाऐवजी दोन आलेख उमटले. काळ्या पाटीवर हिरव्या दोन रेघा, दोन्ही जिवंत.

"रवीदादा, दोन! दोन दिसले!" संचिता खुर्चीवरून उठून नाचलीच. त्याच उत्साहात तिने चित्रण दाबून बसवणारा प्रोग्रॅम घातला आणि टेपवरचे चित्रण पुन्हा माझ्यात उतरवून घेतले.

सुनावणीच्या दिवशी सकाळी वीज येताच ती माझ्यासमोर बसली. दुपारी वीज जायच्या आत सीडी हातात पडायलाच हवी होती. दुकानाच्या दारात रापणीची सगळी माणसे जमली. हिरानेही माशांची पाटी शेजारणीवर सोपवली आणि ती आली. बाबलीने माझ्यासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि देवाला गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान ह्या यंत्राक कामाक लावल्यान आसा. तेका येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"मदीच वीज जाताली आसात, तर ती जावक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

संचिताने बटण दाबले. त्या प्रोग्रॅमलाही काम वाटून करता येत होते. एका मेंदूने चित्राचा एक भाग उचलला, दुसऱ्याने पुढचा. दोन्ही हिरव्या रेघा सरळ माथ्याला जाऊन भिडल्या. एवढे ओझे मी कधी उचलले नव्हते आणि एवढा हलकाही मी कधी झालो नव्हतो. हिरा पदराने मला वारा घालत होती. "आई, तेका पंखो आसा गो," संचिता म्हणाली. "असांदे. माझो पण असांदे," हिरा म्हणाली आणि वारा घालतच राहिली.

आधी जे काम दुपारपर्यंत निम्म्यावरच यायचे, ते त्या दिवशी सूर्य माथ्यावर येण्याआधीच संपले. सीडी तयार होऊन माझ्या पोटातून बाहेर आली, तेव्हा पंखा फिरत होता आणि दिवा जळत होता. रविराजने ती पूर्ण लावून पाहिली. किल्ला, होडी, ट्रॉलर, सगळे अखंड. मग मंडळी टेम्पोत बसून ओरोसला निघाली. ती वळणापलीकडे गेली आणि नंतर कुठे वीज गेली.

पुढचे मी बाबलीच्या तोंडून ऐकले. संध्याकाळी परतल्यावर त्याने दुकानात उभे राहून हातवारे करत सगळे सांगितले. ट्रॉलरवाल्यांचा माणूस म्हणाला होता, "हे कापून जोडलेले आहे." तेव्हा संचिता उभी राहिली आणि स्पष्ट शब्दांत म्हणाली, "साहेब, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. एक जरी तुकडा जोडलेला सापडला तर आमची तक्रार फेटाळा." साहेबांनी खरोखरच सगळे बघितले, किल्ल्याचे चित्र थांबवून अंतर ताडले आणि तिथल्या तिथे हुकूम दिला. त्या ट्रॉलरांचे परवाने रोखले आणि किनाऱ्यावर गस्तीची होडी नेमली.

"आणि माजा चेडू," बाबली संचिताकडे बोट दाखवत म्हणाला, "माजा चेडू सायबासमोर वाघिणीसारख्या बोलला!"

काही आठवड्यांनी रापणीला बांगड्यांचा असा थवा लागला की दोर ओढायला बाजारातली माणसे धावली. रविराजही दुकान उघडे टाकून धावला. मासळी विकून परतताना हिराने दुकानात येऊन मला हळदकुंकू लावले. रविराजने मला पुन्हा कधी गोगलगाय म्हटले नाही. देवबाग, आचरा, कुठून कुठून रापणकर आपापली चित्रणे घेऊन येऊ लागले आणि संचिता त्यांना सीड्या करून देऊ लागली. रविराजने तिला दुकानात भागीदार करून घेतले.

वर्षे गेली. एकाच प्रोसेसरमध्ये दोन गाभे असलेले संगणक बाजारात आले आणि घरगुती प्रणालींनाही ते आपोआप ओळखता येऊ लागले. २०१० मध्ये दुकानात चार गाभ्यांचा नवा संगणक आला. मला त्याचा हेवा वाटला नाही, उलट अभिमान वाटला. आमच्यासारख्यांचे दिवस अखेर आले होते! रविराज म्हणाला, "मगे ह्या जुन्याचा काय करूचा?"

बाबली तिथेच बसला होता. तो उठला, त्याने मला दोन्ही हातांनी उचलले आणि खांद्यावर घेतले. "ह्यो आमचो गडी. ह्यो सोसायटीत ऱ्हवतलो." भर बाजारातून तो मला मिरवत घेऊन गेला आणि कुणी विचारले की थांबून थांबून माझी गोष्ट सांगत राहिला.

आता मी रापणकर सोसायटीच्या टेबलावर असतो. गस्तीच्या होडीचे रोजचे वर्तमान माझ्यात नोंदतात आणि माझे दोन्ही मेंदू कामात असतात. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी वस्तू हळू चालत असेल तर तिला शिव्या देऊ नका, टाकूनही देऊ नका. तिच्यावरची धूळ पुसा, जाणत्याला विचारा, एकदा झाकण उघडून बघा. तिला काय येते ते तिला सांगता येत नाही. विचारायचे काम तुमचे आहे.