दाराचं रबर

कारखान्याच्या फाटकासमोर ती गाडी उभी करून ठेवली होती. पांढरी, अपघातात मार खाल्लेली, नाकावर परक्या कंपनीचं चिन्ह. युनियननं ती भंगारवाल्याकडून खास आजच्यासाठी उचलली होती. एक पाळी बंद होणार अशी कुणकुण लागल्यापासून कामगारांची माथी भडकली होती, आणि तो राग कशावर तरी काढायला हवा होता. प्रत्येकानं एक घाव घालायचा. पहिला दादांनी.

दादा हे कारखान्यात गाड्यांना दारं बसवणाऱ्यांतले सगळ्यात जुने. पहिला मान आपल्याला का, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची मुलगी नदीपलीकडच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या गाड्यांवर हेच परकं चिन्ह लागायचं, आणि तीही दारंच बसवायची. पाळी बंद झाली की कुणाला ठेवायचं यात युनियनचा शब्द चालणार होता. दादा नक्की कुणाकडचे, ते अध्यक्षांना सगळ्यांदेखत बघायचं होतं.

"काय दादा, हात थरथरतोय का?" रेडिओ ओरडला. तोंड कधी बंद नसायचं, म्हणून त्याचं हे नाव. "पोरीला घाबरता की जावयाला?"

हशा पिकला. दादाही हसले, कोरडं.

"रेडिओ, तुझ्या स्वतःच्या गाडीचं इंजिन कुठून येतं रे?" मागून कुणीतरी विचारलं. "परदेशातून, बोटीनंच ना?"

"येऊ दे की! नाव तर आपलं आहे!"

"आणि ही नदीपलीकडे बनली, तर ही परकी?"

"गप्प बसा," अध्यक्ष म्हणाले. "नफा कुठे जातो ते बघा. दादा, घ्या हातोडा."

दादांनी घेतला. मनाची तयारी त्यांनी सकाळीच केली होती. चहा देताना बायकोनं विचारलं होतं, "रविवारी यायचं म्हणतेय ती. गाडी कोपऱ्यावरच लावायला सांगू ना?" आणि ते म्हणाले होते, "सांग." कामगारांच्या वसाहतीत परक्या चिन्हाची गाडी कुणी आणत नसे. आणलीच, तर निघेपर्यंत तिच्यावर किल्लीचा ओरखडा उठलेला असे. म्हणून पोरगी पाण्याच्या टाकीपाशी गाडी लावायची आणि झोपलेलं लेकरू खांद्यावर टाकून भर उन्हात चालत घरी यायची. त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. दादांनीही नाही.

ते ड्रायव्हरच्या बाजूला गेले. काच फोडायची आणि मोकळं व्हायचं. पण नेमका हातच फितूर झाला. दारं बसवणाऱ्यांची एक सवय असते: दार उघडायचं, दोन बोटांनी लोटायचं आणि आवाज ऐकायचा. त्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. हातानं आपसूक दार उघडलं.

आणि त्यांना दाराच्या कडेचं रबर दिसलं.

रबर सगळेच खालून लावायला घेतात, त्यामुळे जोड खाली येतो. दादा एकटे बिजागरीपासून सुरुवात करायचे. तिथे जोडाला ना पाय लागतो ना पाणी. सुपरवायझर ओरडून ओरडून थकला, पण ते बधले नाहीत. ही रीत त्यांनी एकाच माणसाला शिकवली होती. परसात एक जुनं दार टांगलेलं होतं, आणि शाळेतून आलेली पोरगी दप्तर न काढताच त्याच्याशी झटायची. "नखानं नको गं, अंगठ्यानं दाब."

या दाराचा जोड बिजागरीपाशी होता. दादांनी त्यावरून बोट फिरवलं. जोड बोटाला लागतसुद्धा नव्हता. तिकडचाही सुपरवायझर थकला असणार.

त्यांनी दोन बोटांनी दार लोटलं. ते घट्ट, भरीव आवाज करत बसलं.

"विकत घ्यायचीय का दादा?" रेडिओनं विचारलं.

"हे दार माझ्या पोरीनं बसवलंय."

अध्यक्ष अगदी जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दार सोडा. टपावर एक घाला, हळू घातला तरी चालेल. म्हणजे पुढे मला तुमचं नाव घेता येईल. नाहीतर माझा इलाज नाही, दादा."

दादांनी टपाकडे पाहिलं. मग हातोडा अलगद जमिनीवर ठेवला.

"मला नाही जमायचं."

"विचार करा."

"केला."

गर्दीनं वाट दिली. खांद्यावर कुणाचा हात पडला नाही. ते फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागे पहिला घाव बसला, मग काच फुटली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

घरी आल्या आल्या ते बायकोला म्हणाले, "तिला फोन कर. गाडी दारात लाव म्हणावं."

"दारात? अहो, लोक..."

"आपलंच दार आहे ना?"

रविवारी त्यांनी स्वतःची गाडी, आपल्या कारखान्याच्या नावाची, काढून टाकीपाशी नेऊन लावली. चालत परतताना खिडक्यांचे पडदे हलले. समोरच्या पायरीवर रेडिओ किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत बसला होता.

"गाडी तिकडे का हो?"

"जागा करतोय."

पोरगी गल्लीच्या तोंडाशी येऊन थबकली. दादांनी हातानं बोलावलं. गाडी दारात थांबली, पण ती उतरेना.

"बाबा, इथे?"

"इथेच. उतर."

लेकराला घेऊन ती उतरली. दादांनी दोन बोटांनी दार लावलं. समोर जुडग्याचा आवाज थांबला. रेडिओ उठला, पायरी उतरला, गल्लीच्या मध्यावर आला आणि तिथेच उभा राहिला.

आतून बायकोनं हाक मारली, "जेवायला या!"

"माझं ताट बाहेरच दे," दादा म्हणाले आणि गाडीला खेटून खुर्ची टाकून बसले.