पहाऱ्यातून सुटलेला शिपाई

"आधी नामाच्या अलीकडचं उपपद बघायचं, मगच नामाचा शेवट लावायचा. डेर असेल तर गेफ्रायटे, आइन असेल तर गेफ्रायटर. घाई नको."

पुण्यातल्या जर्मनच्या वर्गात मुरलीधर चाळीस वर्षं हेच सांगत आले. जर्मन सैन्यातल्या या हुद्द्यावर त्यांचा भारी जीव. "पहाऱ्याच्या कामातून मोकळा केलेला जुना शिपाई, तो गेफ्रायटर. विशेषणाचं नाम झालं, पण विशेषणाच्या खोडी काही सुटल्या नाहीत," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

आता ते अबुधाबीला, अल रीम बेटावर, मुलाच्या, निनादच्या फ्लॅटच्या खिडकीशी बसून असतात. विस्मरण जडतंय हे कळलं, तेव्हा त्यांनीच बायकोकडून कबूल करून घेतलं होतं. "सुमे, गेफ्रायटर हा शब्द गेला की मी गेलो असं समज. मग मला मुलाबाळांत ठेवू नकोस. पुण्यात अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत नेऊन सोड."

तेव्हापासून सुमेधाताईंचा नेम. देवापुढे दिवा लावून शब्द विचारायचा, उत्तर आलं की मगच चहा. उत्तर रोज यायचं. "आजही सांगितला हो," असं त्या ऑफिसला निघालेल्या निनादला ऐकवायच्या.

शनिवारी शाळा नव्हती. सात वर्षांची नात, दिया, शेजारी येऊन बसली.

"अहो, गेफ्रायटर म्हणजे कोण? पहाऱ्यातून..." दिवा लावून सुमेधाताईंनी विचारलं.

"मोकळा," मुरलीधर म्हणाले.

"आजी, यू आर टेलिंग हिम."

"गप गं. नुसती आठवण करून देतेय."

"दॅट्स चीटिंग. लेट मी आस्क. आबा, गेफ्रायटर म्हणजे काय?"

मुरलीधरांनी सुमेधाताईंच्या ओठांकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत. मग त्यांनी नातीला अगदी अदबीनं विचारलं, "बाई, आपण कुणाकडच्या?"

दिया हसली आणि मध्येच थांबली.

तीन महिने सुमेधाताई देवासमोर बसून अर्धं उत्तर मुरलीधरांच्या तोंडात घालत होत्या. हे आधी कळलं नव्हतं असंही नाही. आता देवाजवळ काही मागायला तोंड उरलं नव्हतं.

"निनाद, पुण्याची तिकिटं काढ. यांचं जायचं. माझं जायचं-यायचं."

"आई, अगं इतकी काय घाई? एवढा हिवाळा तरी जाऊ दे."

"नको रे. आधीच उशीर केला मी."

त्या आतल्या खोलीत गेल्या, कपाटावरची बॅग खाली काढली आणि मुरलीधरांच्या सदऱ्यांच्या घड्या घालू लागल्या.