जॉन नावाचा पणजोबा

कन्यादानाच्या वेळी मुलीकडच्या तीन पिढ्यांची नावं मोठ्याने घेतात. बाप, आजोबा, पणजोबा. सगळे पुरुष, हे वेगळं सांगायला नको. आमचे हे, म्हणजे हेमचंद्र, बावीस वर्षं मिशिगनमध्ये राहिलेले, दर शनिवारी बर्गर चापून खाणारे. पण मुलाच्या लग्नाचा विषय निघाला आणि ह्यांच्या अंगात एकदम शास्त्र संचारलं. विधी साग्रसंगीत हवा, तिन्ही नावं हवीत.

आता विवेकने पसंत केली होती जेनेट अ‍ॅशवर्थ. तिचे वडील रॉय, मोटारींच्या कारखान्यातले कामगार, आयुष्यभर गाड्यांना दारं बसवून नुकतेच रिटायर झालेले. हे त्याच धंद्यात इंजिनिअर. दाराचं ड्रॉइंग ह्यांनी काढायचं आणि दार रॉयनी बसवायचं, एवढाच फरक. पण तो फरक रॉयशी बोलताना ह्यांच्या चेहऱ्यावर कायम दिसे आणि माझं डोकं फिरे.

रॉयना आपल्या वडिलांचं नाव ठाऊक होतं. अल्बर्ट. इंग्लंडातल्या बर्नली नावाच्या कापडगिरण्यांच्या गावातून ते तरुणपणी एकटेच इकडे आले. त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं तर रॉयनी खांदे उडवले. "तो विषय घरात काढायचा नसे," ते म्हणाले.

"मग शोधा म्हणावं," ह्यांनी हुकूम सोडला. "इंग्रजांची रेकॉर्ड्स पक्की असतात."

शोधणार कोण? मी आणि जेनेट. घराण्यांच्या वंशावळ्या जमवणाऱ्या मॉर्मन पंथाच्या चर्चच्या तळघरात एक खोली होती, तिथे जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्म वाचायला मिळत. फिल्म त्यांच्या मुख्य ठाण्याहून, युटा राज्यातून, मागवायची आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. मग अंधारात मशीनचं हँडल फिरवत बसायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं अक्षर वाचता वाचता डोळे दुखायला लागत. जेनेटला माझं मृणालिनी हे नाव झेपत नसे, ती मला मिनी म्हणायची. "मिनी, हा आकडा सात आहे की एक?" असं करत आम्ही बर्नलीच्या गल्ल्यामागून गल्ल्या पालथ्या घातल्या.

१८८१ च्या जनगणनेत अ‍ॅशवर्थांचं घर सापडलं. बाप कोळशाची गाडी हाकणारा, दोन खोल्यांत नऊ माणसं. त्यांत हॅना, वय वर्षं दहा. तिच्या नावापुढे धंदा लिहिला होता. दहा वर्षांच्या पोरीचा धंदा! अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. जेनेट स्क्रीनला बोट लावून बसली. मला तर त्या कारकुनाचा, त्या गिरणीमालकाचा, सगळ्यांचाच संताप आला. शाळेत ती पोर जागी तरी राहत असेल का?

मग इंग्लंडहून अल्बर्टचा जन्मदाखला आला. जन्म १८९३, अनाथ-गरिबांना ठेवत त्या वर्कहाऊसमध्ये. आई तीच हॅना अ‍ॅशवर्थ, गिरणीत विणकर. बापाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

जेनेटने रॉयना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी तिला दाखल्यावरची नावं पुन्हा वाचायला लावली. मग ते म्हणाले, "म्हणजे आम्ही लावतो ते आडनाव तिचं आहे." आणि त्यांनी सांगितलं की लग्नात तिचंच नाव घ्या.

मी ते घरी येऊन सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"बाईचं नाव? आणि तेही असल्या? चारशे लोक येणारेत, मृणालिनी. लोक काय म्हणतील?"

"असल्या म्हणजे कसल्या?"

"उगाच इश्यू करू नकोस. रेघ आहे ना तिथे, मग कुठलंही नाव टाकू. जॉन टाक. संस्कृतात कोण चेक करतंय?"

माझा तोल गेला. "अहो, माझ्या लग्नात माझ्या बापाचं नाव घेतलं होतं, आठवतंय? मी पाच वर्षांची असताना जो माणूस घर सोडून गेला तो पुन्हा फिरकला नाही. आईने नागपुरात चार घरचा स्वयंपाक करून मला बी.ए. केलं. तुमच्यासमोर भटजी त्या पळपुट्याचं नाव खणखणीत घेत होते आणि माझी आई मांडवाच्या खांबाआड उभी होती. तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही."

हे जरा ओशाळले. "बरं बाई, घ्या तुमची हॅना," म्हणाले. मी विश्वास ठेवला.

जूनमध्ये जवळच्या नोव्हाय गावातल्या शाळेचा हॉल घेऊन लग्न झालं. भटजी म्हणजे आमचे श्रीरंगभाऊजी, एरवी केमिकल इंजिनिअर, शनिवार-रविवार पौरोहित्य. रॉय आणि त्यांची बायको पाटावर अवघडून बसले होते. रॉयचे गुडघे कुरकुरत होते, पण चेहरा परीक्षेला बसल्यासारखा गंभीर. भाऊजींनी खिशातून चिठ्ठी काढली आणि पणजोबापासून सुरुवात केली. त्या सगळ्या संस्कृतात रॉयना कळण्याजोगा एकच शब्द आला. जॉन.

"हू इज जॉन?" रॉयनी विचारलं.

भाऊजी थांबले. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हसत म्हणाले, "जस्ट अ फॉरमॅलिटी, रॉय."

ते हसू मी पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलले. "जॉन नावाचा कोणी नव्हता. माझ्या नवऱ्याने तो बनवलाय, कारण खऱ्या बाईची ह्यांना लाज वाटते. ती दहाव्या वर्षापासून गिरणीत राबली. मूल एकटीने जन्माला घातलं आणि त्याला स्वतःचं आडनाव दिलं. तिचं नाव हॅना."

"आई, प्लीज," विवेक पुटपुटला. जेनेटने त्याचा हात दाबला आणि भाऊजींना म्हणाली, "काका, हॅना म्हणा."

"वहिनी, बसा," भाऊजी घाम पुसत म्हणाले. "या जागी बाईचं नाव घेत नाहीत. शास्त्रात बसत नाही."

"मघाशी संकल्पात तुम्ही मिशिगन म्हणालात, ते कुठल्या पोथीत आहे? ते बसलं, मग ही का नाही बसत?"

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. ह्यांनी दातओठ खात मला खाली ओढायला हात पुढे केला, तो मी झटकला. भाऊजींनी चिठ्ठी चुरगाळली, चष्मा सारखा केला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यांनी स्पष्ट म्हटलं, हॅना अ‍ॅशवर्थ.

रॉयनी मान वर केली. "तिचंच नाव घेतलं ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"ते पुन्हा म्हणतील का?"

भाऊजींनी ऐकलं. "हे तीनदा म्हणायचंच असतं," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज मऊ झाला होता.

दुसऱ्यांदा रॉयचे ओठ हलले. तिसऱ्यांदा ते भाऊजींच्या आधीच बोलले, कारखान्यातल्या मशीनच्या खडखडाटात ओरडायची सवय असलेल्या आवाजात, आणि शेवटच्या रांगेतल्या बायकांनासुद्धा ते ऐकू गेलं.